गोपीनाथरावांचं नाव पुसता येईना

मी एक जुनी यादी आहे, पण कागदावरची नव्हे. मित्रांनो, १९८३ साली लखनौमधल्या एका सरकारी खात्याच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात माझा जन्म झाला. कॉम्प्युटरला थंडगार खोली होती; साहेबांना पंखा होता. खात्यातल्या माणसांच्या नोकरीच्या नोंदी त्यात असत. कोणती नोंद कुणी पाहायची आणि कुणी बदलायची, हे मी सांगत असे.

माझ्यातलं पहिलं नाव गोपीनाथराव करंदीकरांचं. मूळचे सांगलीचे, स्वभावाने मऊ. कुणी परवानगी मागितली की देऊन टाकत. त्यांनी रमाकांतला दिली, रमाकांतने मोहनला, मोहनने निशातगंजच्या अख्ख्या शाखेला. माझा नियम असा, की देणाऱ्याचं नाव पुसलं की त्याने दिलेल्या परवानग्याही पुसल्या जात, आणि त्या लोकांनी पुढे दिलेल्याही. एकदा सुधीर नावाच्या कारकुनाची कानपूरला बदली झाली. त्याचं नाव काढलं, तशी अकरा माणसं कोऱ्या पडद्यापुढे बसून राहिली. त्यांत डायरेक्टर गजेंद्र सिंह होते. त्यांना स्वतःची रजासुद्धा दिसेना.

मे १९८६ मध्ये गोपीनाथराव निवृत्त व्हायचे होते. मोजलं तर त्यांच्या एका नावाला चारशे बारा माणसं लटकलेली निघाली. नोकरीत नसलेल्याचं नाव ठेवता येत नाही, आणि काढलं तर खातं बंद. खात्याने सोपा मार्ग काढला. त्यांना निवृत्तच होऊ दिलं नाही.

"बस छह महीने और, गोपीनाथ जी," डायरेक्टर म्हणाले. असं ते तीनदा म्हणाले.

घरची हकीकत गोपीनाथराव बटणं दाबताना पुटपुटत, म्हणून मला ठाऊक. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी सांगलीला जायचं म्हणून कुकर खोक्यात बांधून ठेवला होता आणि शेजारणीच्या पातेल्यात भात शिजत होता. सांगलीच्या परसात लावायला मलिहाबादहून आणलेलं दशहरी आंब्याचं कलम सरकारी क्वार्टरच्या अंगणात तुपाच्या डब्यात उभं होतं.

"अहो, साहेबांना सांगा, कलमाला एक्स्टेन्शन कळत नाही," असं त्या म्हणाल्या होत्या.

८७ साली कॉम्प्युटरचं काम पाहायला विनया देव आली. लखनौतच वाढलेली; मराठी कळायचं, उत्तर अर्धं हिंदीत यायचं. तिने नवी व्यवस्था आणली. सगळ्या परवानग्या एकाच दरवानाच्या, म्हणजे एका नव्या प्रोग्रॅमच्या, हाती. माणूस त्या कामावर आहे तोवर परवानगी. कुणी दिली होती, हे दरवान विचारतच नाही.

चार महिने ती माझी छापून काढलेली पानं घेऊन टेबलाटेबलाशी फिरली. कुणाला काय खरंच लागतं, ते विचारून तेवढंच दरवानाकडे लिहिलं. जगदीश चपराशाकडे सगळ्या नोंदी पुसून टाकायची परवानगी निघाली.

"ये कब से है, भैया?"

"तीन साल से, मैडम. साहब छुट्टी पर गए थे, हमें दे गए."

"कभी इस्तेमाल की?"

"नहीं मैडम. डर लगता है."

खात्यात एवढाच जबाबदार माणूस होता. तिने ती परवानगी काढून घेतली. त्या दिवसापासून जगदीश बरा झोपू लागला.

नोव्हेंबरात नाव पुसायचा दिवस आला. डायरेक्टर दारात उभे राहिले, पळायला सोपं म्हणून.

"काका, तुम्हीच करा ना," विनया म्हणाली.

गोपीनाथरावांनी बटण दाबलं. त्यांचं नाव गेलं, पाठोपाठ रमाकांतचं, मोहनचं, सगळी चारशे बारा. एका क्षणात मी रिकामी झाले. बाहेर कुणाचाही पडदा कोरा झाला नाही.

"काहीच झालं नाही?" गोपीनाथरावांनी विचारलं.

"कुछ नहीं, काका."

"एखादा तरी अडकायला हवा होता गं."

सुहासिनीबाईंनी कुकर तसाच गाडीत चढवला. कलम मात्र राहिलं. डब्याचं बूड फोडून त्याने केव्हाच सरकारी जमिनीत मूळ धरलं होतं. पुढे जगदीश त्याला पाणी घालत असे; सांगलीहून आलेल्या पत्राला लिहिलेलं उत्तर विनया मोठ्याने वाचत होती, तेव्हा हे कळलं.

मित्रांनो, कुणाच्या भरवशावर राहायचं तर राहा. पण त्याला जाता येईल एवढी सोय आधी करून ठेवा. माझी काळजी करू नका. मी अजून आहे, रिकामी. विनयाने टेबलाटेबलाशी विचारलं तेव्हा, ही यादी पुसायची परवानगी मला लागते, असं कुणीच म्हणालं नाही; म्हणून ती कुणाकडेच नाही.