धबधब्याच्या माथ्यावर नेलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझ्या बुडाला सात भोकं आहेत. ती गंजाने पडलेली नाहीत. ज्या हातांनी मला वर्षानुवर्षं राखेने घासून लख्ख ठेवलं, त्याच हातांनी ती पाडली. ते कसं घडलं ते सांगतो. सांगून काही परत येणार नाही हे मला ठाऊक आहे, पण मनात ठेवून तरी किती गंजायचं?

होनोलुलूच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात कडक बिस्किटं आणि अंगावर निळ्या जहाजाचं चित्र घेऊन मी बोटीने मोलोकाई बेटावर उतरलो. त्या चित्राची मला भारी घमेंड होती. बिस्किटं संपल्यावर हालिआकाने मला धुतलं, सांध्यांना डांबर लावलं आणि वर तारेची कडी बसवली. हालिआका आमच्या दरीच्या तोंडाशी, समुद्राजवळ राहायची. तिची अळूची खाचरं होती आणि त्यांत बारा महिने नदीचं पाणी खेळायचं. तिची थोरली बहीण लुइका त्याच नदीच्या वरच्या अंगाला, धबधब्याच्या माथ्यावरच्या डोहाकाठी एकटी राहायची. मधे अर्ध्या दिवसाची चढण होती.

मी या दोघींचा मिळून डबा. लुइका दर महिन्या-दोन महिन्यांनी मीठ आणि रॉकेल न्यायला खाली उतरायची, तेव्हा मला भरून आणायची आणि भरून परत न्यायची. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत होती. खालून मी पोई न्यायचो, म्हणजे अळूचे कांदे शिजवून कुटलेला लगदा. कधी खारवलेले समुद्रातले मासे असायचे. वरून केळी यायची, लाल जांब यायचे, आणि घरात काही शुभकार्य असलं की नोपिली यायचे.

नोपिली हा बोटाएवढा मासा. पोटाखालच्या चकतीने आणि तोंडाने तो दगडाला घट्ट धरून बसतो. लहानपणी समुद्रातून येतो आणि धबधब्याचा उभा कातळ इंच इंच चढत माथ्यावर पोचतो. बाळाचं अंगावरचं दूध तोडायच्या दिवशी आमच्याकडे नोपिली लागतोच. तो दगडाला धरतो तसं सुखाने त्या लेकराला धरून राहावं, एवढाच त्यामागचा भाव. हालिआकाच्या पाचही मुलांना लुइकाच्या डोहातले नोपिली मिळाले. वाटभर ते माझ्या बुडाला चिकटून यायचे. त्या पकडीने मला गुदगुल्या व्हायच्या.

पाचव्या मुलाच्या वेळची गोष्ट. त्या वर्षी वादळात समुद्र आत घुसला होता आणि हालिआकाच्या बहुतेक खाचरांत वाळू भरली होती. घरात पोईचा घास नव्हता. लुइका नोपिली देऊन, बाळाचा पापा घेऊन परत निघाली, तेव्हा मी रिकामाच होतो.

“राहू दे गं,” लुइका म्हणाली. “रिकामा डबा हलका. मला चढायला बरं.”

“अक्का, काहीतरीच काय! आईनं कधी कुणाचं भांडं रिकामं धाडलं होतं का? वरून ओरडेल ती मला.”

“ओरडू दे. जिवंत असतानाही ती तुलाच ओरडायची.”

“तू चहाड्या करायचीस म्हणून!”

दोघी हसल्या. हसता हसता लुइका दंड खाजवत म्हणाली, “तुझ्याकडे मात्र डास नाहीत हं. माझ्याकडे संध्याकाळी खाचराशी उभं राहायची सोय नाही. नुसते फोडून काढतात.”

हालिआकाचा चेहरा एकदम खुलला. तिच्या वाचलेल्या दोन खाचरांत चिमुकले, रंगीत शेपटीचे मासे नुसते बुजबुजलेले होते. डासांच्या अळ्या खातात म्हणून शहरातून कुणी ते पूर्वी खालच्या पाण्यात आणून सोडले होते. तिने मला पाण्यात बुडवलं आणि शंभरेक मासे भरून घेतले.

“हे घे! हे खातील तुझे डास. आता बोल, काय म्हणायचंय आईला?”

“माझी गुणाची बाय,” लुइका म्हणाली आणि मला उचलून निघाली.

मित्रांनो, त्या माशांच्या पोटात दोऱ्यासारखा बारीक लाल किडा होता. ते सारी वाट माझ्या अंगाला अंग घासत होते, तरी मला काही कळलं नाही. मी आपला निळं जहाज मिरवत चढत होतो. ज्या कातळाने ते मासे इतकी वर्षं खालीच अडवून धरले होते, त्याच्या बाजूच्या पायवाटेने मी त्यांना आरामात वर नेलं. लुइकाने निम्मे खाचरात ओतले आणि निम्मे डोहात.

डास खरंच कमी झाले. पुढच्या खेपेला लुइका माझं कौतुक करताना थकेना. “हा डबा कसला, वैद्य आहे वैद्य!” म्हणत तिने मला दोनदा घासलं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, हे सांगताना आज शरम वाटते.

पाच-सहा वर्षांनी लुइकाच्या डोहातले नोपिली रोडावले. पोटं खपाटीला गेली, डोकी तेवढी मोठी दिसू लागली. एक मेलेला तरंगत आला तेव्हा त्याच्या मागच्या बाजूने दोन लाल धागे लोंबत होते. लुइकाला वाटलं, शेवाळाचं मूळ अडकलं असेल. पुढे हालिआकाची पहिली नात नोहेआ हिचं दूध तोडायचं ठरलं. तीन दिवस डोह धुंडाळून लुइकाला दोन बरे मासे मिळाले. त्यातल्या एकाची माझ्या बुडावरची पकड अर्ध्या वाटेतच सुटली. खाली पोचेपर्यंत तो मेला होता.

“माझंच काहीतरी चुकलंय, हालिआका,” लुइका त्या दिवशी म्हणाली. “जास्त धरले असतील मी. नदी रुसलीय माझ्यावर.”

“तुझ्यावर? पोटच्या पोरीसारखं जपलंस तू तिला.”

“मग दुसरं कोण? वर माझ्याशिवाय आहे कोण?”

त्या दिवसापासून लुइकाने नदीतला एकही मासा तोंडात घातला नाही. रोज सकाळी डोहाच्या काठी बसून ती पाण्याची माफी मागायची. मी तिच्या शेजारी असायचो. समोर पाण्यात ते रंगीत शेपटीचे मासे मजेत फिरत असायचे आणि ती त्यांच्याकडे कौतुकाने बघायची. पंधरा वर्षं हे चाललं. तोच सल मनात घेऊन ती गेली. हालिआकाने तिला घरामागे पुरलं आणि मला आपल्याबरोबर खाली नेलं.

मग नोहेआला मुलगी झाली. तिचं दूध तोडायची वेळ आली तेव्हा हालिआका सत्तरी ओलांडून गेली होती. सगळे तिला टुटू म्हणत, म्हणजे आजी. “नोपिली मीच आणणार,” असं म्हणून ती नोहेआचा हात धरून चढली. दुसऱ्या हातात मी होतो.

डोहावर एक बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. नद्यांमधले मासे तपासणं हे तिचं काम. काठावर पांढऱ्या ताटलीत तिने एक नोपिली चिरून ठेवला होता आणि त्याच्या आतड्यात लाल किडे वळवळत होते.

“असेच धागे लोंबायचे,” हालिआका हळूच म्हणाली. “अक्कानं सांगितलं होतं मला.”

“हा किडा इथला नाही, टुटू,” ती बाई म्हणाली. “या रंगीत परक्या माशांबरोबर आला. पाण्यातले बारीक जीव त्याची पिल्लं गिळतात आणि शेवाळाबरोबर ते नोपिलीच्या पोटात जातात. खालच्या नदीत तो आहे हे माहीत होतं. पण हे मासे इथे वर पाहून मी चक्रावलेच. यांना धबधबा चढता येत नाही.”

“मग आले कसे?” नोहेआने विचारलं.

“कुणीतरी आणले. बादलीत, नाहीतर डब्यात.”

हालिआकाने खाली माझ्याकडे पाहिलं.

“काढता येतील का आता?” तिने विचारलं.

“एवढे डोह, एवढ्या कपारी. नाही हो. आणि मासे काढले तरी किडा आता नोपिलीतच ठाण मांडून बसलाय.”

“मी दिले ते,” हालिआका म्हणाली. “बहिणीला डास चावत होते म्हणून.”

“तुम्हाला कसं कळणार होतं, टुटू?”

“तिलाही नाही कळलं. पंधरा वर्षं तिनं या पाण्याची माफी मागितली. आणि मी खाली बसून म्हणायची, अक्का, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.”

हालिआका वळली आणि घरामागे लुइकाच्या थडग्यापाशी गेली. पडक्या भिंतीतला एक लांब खिळा तिने उपटला, मला पालथं घातलं आणि दगडाने ठोकायला सुरुवात केली.

“टुटू, काय करतेस! मोठ्या आजीचा डबा आहे तो!” नोहेआ धावली.

“म्हणूनच. यातून आता कुणी कुठे पाणी नेणार नाही.”

सात घाव घातले. जिथे नोपिली चिकटून बसायचे तिथेच ते बसले. मग तिने मला थडग्यावर ठेवलं आणि वाकून म्हणाली, “अक्का, तुझा डबा परत आणलाय. रिकामा आहे.”

नोहेआच्या मुलीचं दूध नोपिलीशिवायच तुटलं. हालिआका पुन्हा कधी वर आली नाही.

मी अजून इथेच आहे. इथून धबधब्याचा माथा दिसतो. समुद्रातून नखाएवढे नोपिली आजही येतात. तो उभा कातळ इंच इंच चढतात. त्यांच्या पोटात काही नसतं, अगदी निरोगी असतात. माथ्यावर पोचले की क्षणभर थांबतात आणि त्याच डोहात उतरतात. त्यांना मागे फिरा म्हणायला मला तोंड नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी काचेच्या पेटीत रंगीत मासे असतील. कंटाळा आला म्हणून ते नदीत सोडू नका, विहिरीत सोडू नका. दया आली म्हणून तर मुळीच सोडू नका. आमच्याकडेही कुणाच्या मनात वाईट नव्हतं. एकीने प्रेमाने भरलं, दुसरीने प्रेमाने ओतलं, आणि मी न सांडता पोचवलं. रिकामा डबा हलका, असं लुइका त्या दिवशी म्हणाली होती. तिचं ऐकायला हवं होतं.