बाईंकडचा मुक्काम

तात्यांनी लेकीला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं ते चहाचा कप हातात घेताना.

“बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? हिनं केला असता की.”

ठकी खो खो हसली. लहानपणी ती रुसून बसली की तात्या असंच ‘अहो बाईसाहेब’ म्हणून तिला हसवायचे. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी परदेशातल्या लेकीच्या घरी आलेत, स्वारी खुशीत आहे. तिनं नसलेला पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाली, “घ्या हो पाहुणे, संकोच करू नका. आपलंच घर समजा.”

आईच्या, म्हणजे माईंच्या, घशात बिस्कीट अडकलं. पण त्याही हसल्या. नाही म्हटलं तरी वर्षभरात सारवासारवीवर त्यांचा हात बसला होता. तात्या वाट चुकून उशिरा घरी आले, की ‘गप्पा छाटत बसले असतील’. सख्ख्या मेहुण्याला ओळखलं नाही, की ‘चष्म्याचा नंबर वाढलाय’. झाकली मूठ त्यांनी कुणापुढे उघडली नव्हती. ठकीनं हिवाळ्याची सुट्टी काढून तिकिटं पाठवली, तेव्हा त्यांनी देवापुढे एकच गाऱ्हाणं घातलं: एवढी सुट्टी निभावून ने रे बाबा. पोरीला तिचा बाप एकदा धडधाकट भेटू दे. पुढचं पुढे.

आणि निभत होतंही. ठकीला तो खेळच वाटला. ती त्यांना कोपऱ्यावरच्या बागेत फिरायला न्यायची. झाडं नुसती काटक्यांची, बाकांवर पांढरा थर. तात्या अदबीनं म्हणायचे, “बाई, तुमच्या गावी थंडी फार हो.”

“म्हणून तर पाहुण्यांनी कानटोपी काढायची नाही,” ती दरडावायची आणि मागे वळून आईला डोळा मारायची. माई दोन पावलं मागून हसायच्या. हसता हसता त्यांचे गाल दुखायचे.

मग ठकीनं कोट आणला. नवाकोरा, लोकरीचा, पण बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

“तात्या, आखूड करून द्याल? इथे कुणाला द्यायला जीव होत नाही.”

तात्यांचा जन्म शिवणकामात गेलेला. टेप गळ्यात पडला, खडू हातात आला आणि म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली. माईंना बरं वाटलं. हात विसरत नाहीत, त्यांनी मनाशी म्हटलं.

परकर-पोलक्यापासून कॉलेजच्या ड्रेसपर्यंत ठकीचं सगळं तात्यांच्या हातचं. पण तिच्या अंगाला त्यांनी कधी टेप लावला नव्हता. ती दारातून आत आली, की चष्म्यावरून बघायचे, ‘ठके, उंच झालीस गं,’ म्हणायचे आणि कापडावर कात्री चालवायचे. लेकीचं माप घेतो तो कसला शिंपी, असा त्यांचा तोरा.

ठकी कोट घालून खिडकीपाशी उभी राहिली. तात्यांनी टेप सोडला आणि तिथेच थांबले.

“अगं, तू जरा जवळ येऊन उभी राहा,” ते माईंना म्हणाले. “बाईमाणसाचं माप आहे.” मग ठकीकडे न बघता, “हात थोडा पुढे घेता का, बाई? राग मानू नका हं, मापापुरता हात लावतो.”

ठकीच्या ओठांवर अजून हसू होतं. ते तिथेच राहिलं, डोळे मात्र बदलले.

“तात्या, मी कोण?”

“तुम्ही?” तात्या ओशाळले. “तुम्ही घरच्या बाई. आमची मुलगी याच देशात असते. तिला सुट्टी मिळाली की येईल न्यायला. तोवर तुम्ही ठेवून घेतलंत. बाह्या नीट करून देतो, तेवढंच आमच्या हातून.”

त्यांनी बाहीला टाचण्या लावल्या. ठकी पुतळ्यासारखी उभी राहिली. मग कोट काढून तिनं खुर्चीवर ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. माई मागोमाग.

“कधीपासून?”

“झालं असेल वर्ष.”

“फोनवर तर माझ्याशी नीट बोलतात!”

“आवाज ओळखतात ना तुझा. फोनवर तूच असतेस. समोर आलीस की...”

“मला सांगायचं नाहीस?”

“तू इथे रडली असतीस, मी तिथे. म्हटलं, पोरीची सुट्टी गोड जाऊ दे.”

“गोड!” ठकीनं ओट्याची कड घट्ट धरली. “मी हसत होते, आई. इतके दिवस मी त्यांना हसत होते.”

माईंनी उगीच ओटा पुसायला घेतला.

दारात तात्या उभे होते. “बाई, एक विनंती होती. आमच्या मुलीला फोन लावून द्याल? आम्ही सुखरूप आहोत एवढं कळवायचं. काळजीत असेल ती.”

ठकीनं आईकडे पाहिलं. स्वतःचा फोन उचलला आणि आहे त्या कपड्यांत बाहेरचं दार ओढून ती जिना उतरून गेली. थोड्या वेळानं माईंच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी तो तात्यांच्या हातात दिला.

“ठके! अगं कुठे आहेस तू?” तात्यांचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. “आम्ही ना? मजेत! एका बाईंकडे उतरलोय. फार भल्या आहेत गं.” त्यांनी आवाज खाली आणला. “स्वयंपाक मात्र बेताचाच हो. तुझ्या आईची सर नाही.”

माई खिडकीशी गेल्या. खाली रस्त्याकडेला ठकी पाठमोरी उभी होती, एक हात काखेत घातलेला. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत, वरून कळत नव्हतं.

“तू जेवलीस का? सुट्टी नसेल तर ओढाताण करून येऊ नकोस. आम्ही थांबतो. हो, हो. तू म्हणशील तोवर थांबतो.”

फोन परत देताना तात्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “आवाज बसलाय गं तिचा. थंडीत तशीच हिंडत असणार. एवढ्या लांब तिला सांगणारं कोण आहे?”

माईंनी खुर्चीवरचा कोट टाचण्यांसकट उचलला आणि त्या दाराकडे निघाल्या.

“अगं, तो कुठे नेतेस?” तात्या घाबरून मागे आले. “ठेव तो. बाईंचा आहे!”