फळ्यावरची पिपाणी

मी एक जुना फळा आहे, आणि मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. मधल्या सुट्टीत या अडगळीच्या खोलीत येऊन बसलाच आहात, तर ऐकून तरी घ्या. कोपऱ्यातल्या मोडक्या बाकावरची ती मुलगी ऐकतेच आहे. ती बोलत नाही. का, ते येईलच पुढे.

मित्रांनो, सुताराने मला जाड फळ्या जोडून केलं, काळा रंग दिला आणि वर्गाच्या भिंतीवर चढवलं. काय थाट होता माझा! सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मग तो आला, मोबाइल. तळहाताएवढा जीव, पण पोरांच्या माना खाली गेल्या त्या गेल्याच. मी जळून कोळसा झालो. मुळातच काळा, म्हणून कुणाला कळलं नाही.

माझ्या अंगावर पोरं वाईटसाईटही लिहायची, ते लपवत नाही. या मुलीचा आवाज जरा चिरका. एकदा कुणीतरी माझ्यावर तिचं नाव पाडलं, 'पिपाणी'. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ते दारातूनच पाहिलं. डस्टर सापडेना, तर तळहाताने पुसलं. शिपाईमामा म्हणाले, पोरांनी लिहिलंय, पोरंच पुसतील.

"मामा, फळा आपला आहे," बाई म्हणाल्या. "जोवर ते त्यावर आहे, तोवर आपणच तिला चिडवतोय."

पुढे वर्गात पांढरा फळा आला आणि माझी रवानगी इथे झाली. तिकडे मोबाइलवर मात्र त्याच शब्दाची चैन. ही मुलगी कविता म्हणत असताना कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला, तिला बकरीचं तोंड लावलं, खाली तेच नाव. माझ्यावर तो शब्द घंटेपर्यंतही टिकला नव्हता. तिथे तो रोज वाढत होता, आणि ज्याने पाहिला नसेल त्याच्यापुढे ते व्हिडिओ दाखवणारी कंपनी तो आपण होऊन नेऊन ठेवत होती. खरं सांगतो, आधी मला हेवाच वाटला.

मग ही मुलगी बोलेनाशी झाली. हजेरीला नुसता हात वर. घरी भावाशीसुद्धा खुणांनी. तिच्या बाबांनी कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं की पिपाणी हे वाद्याचं नाव आहे, नियमांत बसतं. मोठ्या बाईंची खोली या भिंतीपलीकडेच. बाबांचं बोलणं मला ऐकू आलं.

"बाई, तिथे पुसायला कुणी माणूसच नाही का हो?"

त्याच दिवशी मी खिळा सोडला. टुणटुण उड्या मारत कंपनीच्या काचेच्या इमारतीत गेलो. रखवालदाराने अडवलं, तर म्हटलं, मी तुमच्या स्क्रीनचा आजोबा. तो पायाच पडला. तिथल्या मोठ्या साहेबांना घरी 'ढेकूळ' म्हणतात, हे मला त्यांच्या आईनेच सांगितलं होतं. ते ठळक अक्षरांत अंगावर उमटवून मी दारात उभा राहिलो. येणारा जाणारा वाचून हसू लागला. साहेब धावत आले. रुमालाने पुसलं, बाहीने पुसलं, थुंकी लावून पुसलं. जाईना.

"हा फळा कुणाचा आहे? आधी त्याच्या मालकाला बोलवा."

मी म्हटलं, साहेब, ढेकूळ हे मातीचं नाव आहे, नियमांत बसतं. साहेब पाणी पाणी झाले. तिथल्या तिथे पुसायला माणसं नेमली, आणि तो व्हिडिओ, ती बकरी, तो शब्द, सगळं माझ्या डोळ्यांदेखत…

"खोटं."

आवाज कोपऱ्यातल्या बाकावरून आला. चिरका, उंच, पार फाटकापर्यंत पोचलेला.

"खोटं बोलतोस तू. तो शब्द अजून तिथेच आहे."