चौदावी सकाळ

शाळेच्या चित्रप्रदर्शनातून नाव काढून घ्यायचं, असं वैदेहीने ठरवलं होतं. विषय होता तलाव. चार कागद रंगवून झाले, चारही फाडून झाले. पाणी काही पाण्यासारखं दिसेना. चित्रकलेच्या ओमप्रकाश सरांना रविवारी संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं. आईने वाद घातला नाही. त्याच दिवशी भल्या पहाटे तिने आपल्या भावाला सगळं सांगून लेकीला त्याच्या स्कूटरवर बसवून दिलं.

हे चंपतराव मामा. कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच नाद, निसर्गाचे फोटो. तेही जुन्या, मोठ्या लाकडी कॅमेऱ्याने, ज्यात एका वेळी एकच फिल्म बसते. प्रताप नगरच्या घरापासून कोराडीच्या तलावापर्यंत तो कॅमेरा वैदेहीच्या मांडीवर होता.

मामांना वारा नको होता. पलीकडच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ उभा राहावा आणि पाण्यात जसाच्या तसा उतरावा, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी कॅमेऱ्याचं तिकाटणं दोन पावलं पुढे नेलं, परत मागे आणलं आणि पाण्याकडे बघत उकिडवे बसले. अर्धा तास गेला.

"मामाजी, काढून टाका नं एखादा. मोबाइलमध्ये एवढ्यात पंधरा निघाले असते."

"निघाले असते. पाहिले किती असते तू?"

मग वारा पडला. धूर दोरीसारखा ताठ झाला. मामा काळ्या कापडाखाली शिरले, बाहेर आले, फिल्मची चौकट बसवली आणि कळ दाबली. वैदेहीने रोखलेला श्वास सोडला. मामांचा हात मात्र चौकटीवरच थांबला.

"काय झालं?"

"पत्रा काढलाच नाही वं."

फिल्मपुढे पातळ पत्रा असतो. तो ओढून काढल्याशिवाय तिच्यापर्यंत उजेड पोचत नाही. फिल्म कोरीच राहिली होती. तेवढ्यात पाण्यावर शहारा आला आणि धूर वाकला.

आता मामा चिडणार, असं वैदेहीला वाटलं. मामांनी थर्मासमधून चहा ओतला, डायरी काढली आणि लिहिलं, 'चौदावी सकाळ. धूर सरळ. पत्रा काढला नाही.' वरच्या ओळी तिने वाचल्या. 'नववी. भिंगावर दव.' 'अकरावी. फोटो आला, मलाच आवडला नाही.'

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला नं. चाय पिऊन राहिलो म्हणून दिसत नाही. तुये किती कागद फाटले?"

"चार."

"चारच? अन् तेवढ्यावर नाव काढून राहिली? काय चुकलं ते तरी पाहिलं का?"

वैदेहीने पाहिलं नव्हतं. फाडायचीच घाई झाली होती. ज्याचा हात चांगला त्याला पहिल्याच फटक्यात जमतं, अशी तिची समजूत होती. आणि इथे केस पांढरे झालेला माणूस चौदाव्या सकाळीही चुकून बिस्किट बुडवत होता. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

ती पाण्याकडे बघत राहिली. काठाशी ते मातकट होतं, मधे राखाडी. निळं कुठेच नव्हतं.

"मामाजी, फोन द्या जरा." तिने सरांना लिहिलं, 'नाव राहू द्या, सर. - वैदेही.' मग डायरीतलं एक पान मागून घेतलं आणि त्यावर लिहिलं, 'पहिला कागद. पाणी सगळं निळं केलं.'

दुसऱ्या कागदात काय चुकलं होतं ते काही केल्या आठवेना. मामांनी तोवर तिच्यासाठीही चहा ओतला.