रेसवर उभी गाडी

माझे बाबा आता फक्त ड्रायव्हरच्या सीटवर शांत बसतात. घरात असले की या खोलीतून त्या खोलीत फिरतात, कपाटं उघडून बघतात, आणि काय शोधताय विचारलं तर म्हणतात, गाडीची वेळ झालीय. उभा जन्म ट्रक चालवण्यात आणि वाटेतल्या माणसांना गाडीत घेण्यात गेला त्यांचा. म्हणून मी त्यांना कामावर सोबतच नेते. माझी एक पिकअप आहे आणि तिच्या इंजिनालाच पट्ट्यावर हवेचा कॉम्प्रेसर जोडलेला आहे. कुठे अवजड गाडीचं टायर बसलं, कुणाचा तुंबलेला पाइप हवेनं मोकळा करायचा असला, की मला फोन येतो. मी खाली राबते, बाबा वर स्टिअरिंग धरून बसतात. गिअरला मी न्यूट्रलमध्येच कुलूप ठोकते आणि चाकांना लाकडी ठोकळे लावते. एवढं केलं की दोघंही सुखात असतो.

दादा दुसऱ्या शहरातून रोज संध्याकाळी फोन करतो आणि सल्ले देतो. उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातं? पण माणूस वाईट नाही, काळजीपोटीच बोलतो. आमचं एक ठरलं आहे. बाबा मला ओळखतात तोवर ते माझ्याकडे. ज्या दिवशी ओळखणार नाहीत, त्या दिवशी त्यांना वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं, तिथे चोवीस तास माणसं असतात. मी हो म्हणाले होते, कारण तो दिवस येईल असं मला वाटलंच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मी चहाचा कप पुढे केला, तर बाबा अदबीनं म्हणाले, "आभारी आहे. आपण कुठे उतरणार?"

मी काहीतरी उत्तर दिलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मग गाडी काढली, कारण फोन आला होता.

फोन मासळीवाल्या मावशींचा होता. त्या सिमेंटच्या मोठ्या हौदात माशांची पिल्लं वाढवतात. पाण्यात हवा सोडणारी त्यांची मोटर जळली होती, वायरमन दुपारनंतर येणार होता, आणि आभाळ असं दाबून आलेलं की झाडाचं पान हलत नव्हतं. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळी पिल्लं पाण्याच्या वर तोंडं काढून उघडमीट करत होती. एवढी तोंडं, आणि आवाज कसला तो नाही. मावशी काठावर बसून नुसत्या बघत होत्या.

मी गाडी मागे घेत हौदाला लावली, न्यूट्रलला कुलूप घातलं, उतरले आणि बाबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. हवेतलं तेल अडवायची जाळी बसवून नळी जोडली, भोकं पाडलेला पाइप दगड बांधून तळाला सोडला. आता राहिली रेस. इंजिन नुसतं गुरगुरत असलं तर कॉम्प्रेसर म्हाताऱ्यासारखा धापा टाकतो, पाण्यात चार बुडबुडे येतात नि थांबतात. इंजिनाची रेस चढवून तिथेच धरून ठेवली, तरच तो मन लावून हवा भरतो. पूर्वी इंजिनाजवळची तार ओढली की रेस चढायची. हल्लीच्या गाड्यांना तार नाही, म्हणून मी एक बटण बसवून घेतलं आहे. ते दाबलं की रेसचा काटा आपोआप वर जातो आणि तिथेच राहतो.

मी बटण दाबलं. इंजिनाचा आवाज भरून आला, पाइपभर बुडबुडे उठले, पाणी पांढरं झालं. मावशी उभ्या राहिल्या. आणि रेस खाली आली.

पुन्हा दाबलं. चढली, पुन्हा पडली. मी पट्टा बघितला, वायर हलवून बघितल्या, बटण बसवून देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पिल्लं आता आडवी व्हायला लागली होती. कपाळावरचा घाम पुसत मी हौदाकडे वळले, तर पाण्यात दोन लाल दिवे तरंगत होते.

माझ्याच गाडीचे मागचे दिवे. ब्रेक दाबलेला होता.

काखेत कळसा म्हणतात तो हा. बटणवाल्यानं मला सांगून ठेवलं होतं, ब्रेकला पाय लागला की गाडी समजते आता माणूस निघाला, आणि पाय उठेपर्यंत रेस सोडून देते. मी पुढे धावले. "बाबा, ब्रेक सोडा."

"माणसं चढतायत," बाबा म्हणाले.

"कुणी चढत नाहीये. सोडा, नाहीतर खाली उतरा."

"चालू गाडी सोडून ड्रायव्हर उतरत नसतो," ते शांतपणे म्हणाले. "आपण नवीन दिसता."

माझा राग नाकावर असतो. मी त्यांचा पाय धरून ओढला. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग कवटाळलं आणि ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी हात काढून घेतला. लुटारूकडे बघावं तसे बघत होते.

"कुणाची वाट बघताय?" मी हळू विचारलं.

"बायको यायचीय," ते म्हणाले. "ती चढेपर्यंत गाडी हलता कामा नये. उंच पडते तिला."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. सुट्टीत आम्ही दोघी त्यांच्या ट्रकमधून जायचो. दादाला गाडी लागायची म्हणून तो घरी. आई चढताना बाबा हँडब्रेक ओढलेला असला तरी ब्रेकवर पाय गच्च ठेवून बसायचे. जित्याची खोड.

मी गाडीला वळसा घातला, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, चढले आणि खिडकीशी बसले. दार लावून घेतलं. मला आईचा आवाज नीट आठवत नाही, तरी जमेल तसा काढला. "बसले मी. चला."

बाबांचा चेहरा सैल झाला. पाय उचलला गेला. इंजिन चढलं, मागे पाणी खळखळायला लागलं. मी डोळे मिटून घेतले.

"आणि पोर?" बाबांनी विचारलं.

मी डोळे उघडले.

"पोर कुठंय? तिला घेतल्याशिवाय जायचं नाही," ते म्हणाले आणि पाय परत ब्रेकवर गेला. आरशात मला मावशी दिसत होत्या, दोन्ही हात डोक्यावर ठेवलेल्या.

मी खिडकीची जागा सोडली आणि सरकून मध्ये बसले. लहानपणी बसायचे तशी, गिअरच्या दांड्याला लागून.

"आले बाबा. आई खिडकीत बसलीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "गुडघे आवर. गिअर पडत नाही."

मी गुडघे आवरले. त्यांचा हात कुलपावर गेला, त्यावर एक थाप मारून पुन्हा स्टिअरिंगवर आला. गिअर पडला असं त्यांना वाटलं असावं. रेस चढली ती चढलीच.

मग आम्ही निघालो. समोर मावशींच्या शेडची भिंत होती, आणि ती मागे जात नव्हती, एवढंच. बाबा स्टिअरिंग किंचित डावीकडे नेत, किंचित उजवीकडे. सगळी गाडी एकाच सुरात थरथरत होती आणि तो सूर सीटमधून माझ्या पाठीत चढत होता. बाबा म्हणाले, पुढे घाट आहे. म्हणाले, झोप आली तर टेक डोकं. मी टेकलं. त्यांच्या खांद्याला अजून डिझेलचा वास येतो की मलाच तो आला, कोण जाणे. खिडकीतून वारा येत होता असंही मला वाटलं, आणि बाहेर तर पान हलत नव्हतं.

दादाला काय सांगायचं, याचा मी त्या घाटात विचार केला. ओळखतात म्हणायचं. मला ते लहान समजतात, हे त्याला सांगायची काही गरज नाही. भांडायला आला तर येऊ दे, त्याला मी पुरून उरेन. बाबा कुठेही जाणार नव्हते.

कधीतरी वायरमन आला. मावशींची मोटर घरघरली. मावशींनी येऊन खिडकीजवळचं दार उघडलं. त्यांचे हात ओले होते नि चेहरा उजळलेला. "गेली गं, खाली गेली सगळी पिल्लं," त्या म्हणाल्या. मी हात लांबवून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि एकदम सगळीकडे शांत झालं.

"पोहोचलो?" मी विचारलं.

"पोहोचलो," बाबा म्हणाले.

मी दाराकडे सरकायला लागले, तर त्यांनी माझा दंड धरला.

"थांब. आईला उतरू दे आधी."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. आणि त्या दारातून बाजूला झाल्या. आम्ही तिघंही थोडा वेळ थांबलो. मग मी उतरले.