तातेरावांच्या कानातली शिट्टी

शिट्टीचं सांगायचंच आहे. पण आधी पेटी.

काडेपेटीएवढी

कुरुंद्याच्या तातेरावांच्या खिशात अकरा वर्षं श्रवणयंत्राची पेटी होती. माइक पेटीतच, तिथून वायर कानातल्या बोंडापर्यंत. त्यामुळे सारं गाव त्यांच्या खिशाशी बोलायचं. बायको धुरपताबाई तर सदऱ्याला तोंड लावून कुजबुजायची, "आवं, सूनबाईनं डाळीत मीठ जास्त टाकलंय, गपचूप खा." निम्मा संसार त्या खिशातून चालला.

शेंगदाण्याएवढं

नात पुनमनं हिंगोलीहून नवं यंत्र आणलं. कानामागं शेंगदाणा, त्यात तांदळाएवढे दोन माइक, केसासारखी तार, आणि तारेच्या टोकाला इवलासा स्पीकर, थेट कानात.

"आबा, आता अंगणातून बोललं तरी ऐकू येईल."

आलंही. पण धुरपताबाईची सवय! ती कानाशी ओठ नेऊन काही सांगायला गेली आणि—

कुईईईई!

हळद वाळत घालणाऱ्या बाया वळून पाहू लागल्या.

"आजी, आबांचा कान वाजवून राहिली का?" त्यातली एक हसली.

संध्याकाळी पुन्हा. कुईई! सून चुलीपासून ओरडली, "आत्याबाई, समदं कळतंय हां आमाला!"

झालं. धुरपताबाई दहा हातांवरून बोलू लागली. "जेवता का?" "पाणी ठेवलंय." शब्द न् शब्द ऐकू यायचा, पण मिठाचं, सुनेचं, गुडघ्याचं कानाशी सांगायला कुणी येईना. चार दिवसांत तातेराव कासावीस.

मग हिंगोली, दोघं

"शिट्टी कधी वाजते?" यंत्र बसवणाऱ्या शितल मॅडमनी विचारलं.

"कुणी जवळ आलं की."

"कानातून निसटलेला आवाज माघारी माइकात शिरतो. पण इतकं जवळ येतं कोण?"

तातेराव छताकडं बघत म्हणाले, "वासरू."

"मग वासराला लांब ठेवा."

"न्हाई, न्हाई! तेवढं नका सांगू."

शेजारच्या खुर्चीवर पदरात तोंड लपवून बसलेली धुरपताबाई एकदम म्हणाली, "कशाचं वासरू, बाई? मीच जाते कानाशी."

मॅडमनी हसू गिळत टोकाचं रबर बदललं, घट्ट बसणारं घातलं. "या आजी, बोलून बघा."

धुरपताबाई उठली. कानाशी वाकली. काहीतरी म्हणाली.

शिट्टी नाही.

"आलं का ऐकू, आबा?"

तातेरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"न्हाई बा," ते म्हणाले. "अजून एकदा म्हणायला लावा."