गुणाची पोर

छकुलीसारखी गुणाची पोर अख्ख्या मोताळ्यात नव्हती, आणि सारिकाचं दुखणं नेमकं तेच होतं.

लोकांची पोरं घर डोक्यावर घेतात. ही पाच वर्षांची पोर सकाळी उठून स्वतःच्या अंथरुणाची घडी घालायची. ताटात पडेल ते निमूट खायची. तहान लागली तर माठाजवळ उभी राहून विचारायची, "पाणी घेऊ?" शेजारच्या बेबीताईंना कौतुक मावत नव्हतं. "काय वळण लावलं वं सारिका पोरीले! नाही तं आमचे पाह्य, नुसते सैतान!" सारिका तोंडदेखलं हसायची आणि आत येऊन डोळे पुसायची. घरच्या घरात पाणी विचारून कोण पितं? पाहुणे पितात.

सारिका सरकारी दवाखान्यात नर्स. पोर अजून रांगत होती तेव्हा नोकरीचा हुकूम आला, तो थेट गडचिरोलीकडच्या जंगलातला. नवरा प्रसेनजित वायरमन, दिवसभर विजेच्या खांबावर. तो काय पोर तारेला टांगणार? म्हणून छकुली सुलतानपूरला आजीकडे, म्हणजे सारिकाच्या आईकडे, भिमाबाईकडे राहिली. यंदा बदली मिळाली, सारिका मोताळ्याला आली, पोरीला घरी आणलं. पोर आली, पण जीव तिकडेच. रोज संध्याकाळी आजीला फोन लागला की एवढा वेळ मुकी बसलेली पोर घळाघळा रडायची, "माय, मले करमत नाही वं!" मग सारिकाने शहाणपणा काय केला, तर फोनच कमी केला. आजीचा नाद तुटला की पोर आपोआप माझी होईल! अंगावरचं दूध तोडावं तशी आजी तोडायला निघाल्या बाईसाहेब.

पोर आणखीच गुणाची झाली. तेव्हा कुठे दवाखान्यातल्या एका मॅडमनी बुलढाण्याच्या योगिनीताईंचं नाव सांगितलं. आई आणि मूल यांच्यातला जिव्हाळा जुळवायचं काम करणाऱ्या त्या समुपदेशक.

प्रसेनजित म्हणाला, "पोर काय येडी आहे? तिथं काऊन न्याची तिले?"

"पोर नाही, मी येडी व्हाची पाळी आली," सारिका म्हणाली आणि एसटीत बसली.

आता नर्सच ती. खुर्चीत टेकते न टेकते तोच विचारलं, "मॅडम, कोर्स किती दिवसांचा? गोळ्या जेवणाआधी की नंतर?"

योगिनीताई हसल्या. "गोळ्या नाहीत. चूक कुणाची हेही मी ठरवत नाही. घाबरली, दुखलं-खुपलं, की छकुली कुणाकडे धावते आणि का, ते आपण मिळून बघू. वेळ लागेल. मधूनमधून तुम्हाला माझा रागही येईल." मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही लहानपणी पडलात की कुणाकडे धावायचात?"

"मी पडतच नव्हते."

"आईपाशी हट्ट?"

"हट्ट?" सारिकाला हसूच आलं. "माय दिवसभर लोकांच्या वावरात निंदणी-खुरपणीला जायची. थकून यायची. मी भांडी घासून, चूल पेटवून ठेवायची. पण मॅडम, माझं काय घेऊन बसलात? पोरीचं बोला ना!" राग यायला पहिली भेटही संपावी लागली नाही.

योगिनीताईंनी तो मुद्दा तिथेच ठेवला. पण निघताना बजावलं, की आजीचा फोन रोज झाला पाहिजे. आजी तुटली तर पोर तुमच्याकडे येणार नाही, आणखी भिईल. आणि रोज थोडा वेळ ती म्हणेल तो खेळ खेळायचा. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. "आणि ज्या दिवशी छकुली तुमच्यापाशी भोकाड पसरेल ना, त्या दिवशी मला पेढे आणा. मुलं परक्यापुढे शहाणी असतात. हट्ट आपल्या माणसापाशी करतात."

शिकवायचं नाही! बोलणाऱ्याचं काय जातं? पहिल्याच दिवशी छकुलीने बाहुलीला इंजेक्शन टोचलं आणि सारिका ओरडली, "अगं, आधी कापसाचा बोळा!" पोरीने सुई खाली ठेवली, "चुकलं" म्हणाली आणि खेळ आवरून टाकला. सारिकाने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. दुसऱ्या दिवसापासून तिने जीभ चावून धरली. पोरीने आईच्या गुडघ्याला, कानाला, नाकाच्या शेंड्याला इंजेक्शनं दिली. सरकारी नर्स मुकाट्याने पडून राहिली.

सोयाबीन निघालं, कपाशीची वेचणी आली. बुलढाण्याच्या फेऱ्या चालूच होत्या. फोनवर आजीचं आणि नातीचं मनसोक्त रडणं-हसणं चालायचं, सारिका शेजारी बसून ऐकायची आणि जळायची. पोर आता खेळताना हसायची, पण पाणी विचारूनच प्यायची. "आपल्याले हे लागू पडत नाही," सारिका नवऱ्याला म्हणाली. तिची आशाच सुटत चालली होती.

आणि मग एका बाजारच्या दिवशी, रंगवलेल्या कोंबडीच्या पिल्लांच्या टोपलीपुढे छकुली थांबली.

"मले गुलाबी पाह्यजे."

"नको बाप्पा, मरतात ते. चाल."

छकुलीने आईकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं, आणि भर बाजारात धुळीत बसकण मारून असं भोकाड पसरलं की मिरचीवाल्याने तराजू खाली ठेवला. "मले पाह्यजे म्हंजे पाह्यजे! तू लय खराब आहे आई! लय खराब!" पाय आपटले, उचलायला वाकलेल्या आईच्या पोटात बुक्क्या मारल्या. बेबीताई मागूनच येत होत्या. "अवो माय! हे काय झालं पोरीले?" म्हणत त्यांनी तिला उचलायला हात घातला, तर पोरीने त्यांना झिडकारलं आणि जिला मारत होती तिच्याच गळ्याला मिठी मारली.

सारिका धुळीतच बसली. पिशवीतले टमाटे घरंगळले. ती रडत होती आणि हसत होती. बेबीताईंना वाटलं, मायलेकी दोघींनाही बाधलं काहीतरी.

पिल्लू घेतलं नाही ते नाहीच. फुरंगटलेली छकुली घरी आली, कुणाला न विचारता माठात पेला बुडवला, अर्धं पाणी सांडलं आणि तशीच झोपून गेली.

सारिकाने फोन लावला. "माय! छकुलीनं मले मारलं! भर बाजारात!" पोरगी पहिली आल्यासारखं सांगत होती ती.

भिमाबाईने सगळं ऐकून घेतलं. "तू कधी नाही केला वं हट्ट," ती शेवटी म्हणाली. "मले वाटे, किती गुणाची पोर आहे माही."

सारिकाला बोलायचं खूप होतं, शब्द मात्र भलतेच निघाले. "माय, मले तुह्या हातचे धिरडे पाह्यजे."

"ये ना सुट्टीत. करतो."

"सुट्टीत नाही. आत्ता पाह्यजे."

"येडी झाली काय? कुठं सुलतानपूर, कुठं मोताळा!"

"मले नाही मालूम. आत्ता म्हंजे आत्ता!"

"अवो माय, पाहा वो ह्या घोडीले!" भिमाबाई तिकडून तोंड भरून शिव्या देऊ लागली. आणि शिव्या देता देताच शेजाऱ्यांना मोठ्याने विचारू लागली, की मोताळ्याकडे जाणारी सकाळची पहिली एसटी किती वाजता सुटते.